व्याह्यांबरोबर थायलंड: जिताडा, शिकेकाई आणि सोंगक्रान

लेकीचं लग्न जर्मनीत झालं तेव्हा व्याही-विहिणींशी धड बोलणं झालंच नाही. जे झालं ते हातवाऱ्यांवर. पुढची मोठी सुट्टी एकत्र काढायची, एवढं मात्र तेव्हाच ठरलं. नकाशा बघितला तर थायलंड काही दोघांच्या मधोमध नाही. आम्हाला मुंबईहून साडेचार तास, त्यांना म्युनिकहून जवळजवळ अकरा. पण विहीणबाईंना थायलंडच बघायचं होतं आणि तेही एप्रिलमध्ये, सोंगक्रानच्या म्हणजे थाई नववर्षाच्या सणाला. ठाण्याच्या उकाड्यातून उठून पैसे खर्च करून दुसऱ्या उकाड्यात कशाला जायचं, हे आमच्या ह्यांचं म्हणणं कोणी मनावर घेतलं नाही. बुकिंगं सगळी लेक-जावयानं केली, त्यामुळे त्याबद्दल मला फारसं काही सांगता येणार नाही.

एक गोष्ट आधीच सांगते. विहीणबाई पक्क्या शाकाहारी. आम्ही मूळचे अलिबागकडचे, ताटात मासा नसेल तर जेवल्यासारखं वाटत नाही. हॉटेलात भारतीय बाई मासा मागवतेय आणि जर्मन बाई ‘यात मासा नाही ना’ म्हणून खोदून खोदून विचारतेय, हे बघून वेटर हटकून ताटं उलटी ठेवायचे.

९ एप्रिल, बँकॉक

आमचं हॉटेल सिलोम भागात होतं. बॅगा टाकून चहाच्या शोधात निघालो. जवळजवळ प्रत्येक इमारतीपुढे खांबावर बसवलेलं छोटंसं देवघर होतं. आम्ही देवळांच्या देशातली माणसं, हात जोडले आणि पुढे चाललो. विहीणबाई मात्र पहिल्याच देवघरापाशी थबकल्या. आत झेंडूची माळ, उदबत्ती, आणि लालभडक सरबताची उघडी बाटली. त्या बाटलीत चक्क स्ट्रॉ! त्यांनी रिसेप्शनवरच्या मुलीला जाऊन विचारलं. त्या जागेवर राहणाऱ्या देवतेचं ते घर. इमारत बांधताना तिची जागा आपण घेतो, म्हणून तिला वेगळं घर द्यायचं आणि रोज खाऊपिऊ घालायचं. गोड लाल सरबत तिला आवडतं. मग स्ट्रॉ नको का?

संध्याकाळी लुम्फिनी बागेत गेलो. तळ्याकाठच्या हिरवळीवर माणसं व्यायाम करत होती आणि त्यांच्यामधून पाच-सहा फुटी घोरपडी निवांत फिरत होत्या. व्याही मोबाइल घेऊन त्यांच्यामागे लागले. ‘ह्यांच्या कमरेला दोर बांधून आमच्याकडे किल्ले चढतात,’ असं ह्यांनी इंग्रजीत ठोकून दिलं, आणि पुढचा बराच वेळ तानाजी, सिंहगड आणि यशवंती समजावण्यात गेली. तेवढ्यात सहा वाजले. कर्ण्यांवर राष्ट्रगीत सुरू झालं आणि धावणारी, चालणारी, गप्पा मारणारी सगळी माणसं जिथल्या तिथे उभी राहिली. गीत संपल्याबरोबर धावणारे पुन्हा धावू लागले. हे सकाळी आठला आणि संध्याकाळी सहाला होतं. स्टेशनात किंवा बागेत असलात तर तुम्हीही उभे राहा.

१० एप्रिल, राजवाडा आणि वट फो

राजवाडा साडेआठला उघडतो, साडेआठलाच पोचा. दहानंतर ऊन आणि गर्दी दोन्ही सोसवत नाही. तिकीट ५०० बाट. एक बाट म्हणजे साधारण अडीच-पावणेतीन रुपये. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. मी पंजाबी ड्रेसमध्ये होते म्हणून सुटले, व्याह्यांना अर्ध्या चड्डीपायी दारातल्या दुकानातून हत्तीछाप पायजमा घ्यावा लागला. पुढे सगळी सहल त्यांनी त्याच पायजम्यात काढली. बाहेर कुणी गोड बोलून ‘राजवाडा आज बंद आहे, मी दुसरं देऊळ दाखवतो’ म्हणाला तर ऐकू नका. तो तुम्हाला टुकटुकमध्ये घालून जवाहिऱ्याच्या दुकानात नेतो.

पहिला राम नावाच्या राजानं १७८२ मध्ये राजधानी इथे आणली आणि हा वाडा बांधायला घेतला. आवारातल्या पाचूच्या बुद्धाचं नाव मोठं, मूर्ती मात्र जेमतेम ६६ सेंटिमीटरची, हिरव्या दगडाची, आणि इतकी उंचावर की मान दुखते. उन्हाळा, पावसाळा, हिवाळा असे तिचे तीन पोशाख आहेत आणि ते बदलायचा मान राजाचा. आम्ही उन्हाळ्याचा पोशाख बघितला. पंढरपूरला पाडव्यानंतर विठोबाला चंदनउटी लावतात तसंच हे, असं ह्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं. आत फोटो काढू देत नाहीत आणि बसताना पावलं मूर्तीकडे करायची नाहीत.

खरी मजा आली ती भोवतालच्या ओवऱ्यांत. भिंतींवर सबंध रामायण रंगवलंय, १७८ चित्रं. त्यांचं हे रामकियेन, पहिल्या रामाच्याच देखरेखीखाली लिहून झालेलं. ह्यांचा उत्साह काय वर्णावा! व्याह्यांना बाजूला घेऊन सुरुवात केली: हा राम, ही सीता, हा दहा तोंडांचा रावण, आणि हा पांढरा माकड हनुमान, बालब्रह्मचारी. आमच्याबरोबरची गाइड मुलगी इथवर गप्प होती. ‘ब्रह्मचारी’चं इंग्रजी ऐकल्यावर तिला हसू आवरेना. त्यांचा हनुमान म्हणे चांगलाच रंगेल. सेतू बांधताना टाकलेले दगड रात्रीतून नाहीसे होऊ लागले, म्हणून तो पाण्यात उतरला. दगड पळवत होती रावणाची मुलगी, अर्धी मासोळी, सुवन्नमच्छा. दोघांची लढाई झाली, लढाईचं प्रेम झालं, आणि त्यांना मच्छानू नावाचा मुलगाही झाला. हे ऐकून आमच्या घरच्या मारुतिभक्ताचा चेहरा बघण्यासारखा झाला. ‘पण मग सेतू बांधला की नाही?’ असं विहीणबाईंनी विचारलं. तो बांधला. मासोळीनंच दगड परत आणून दिले.

पुढच्या ओवऱ्या आम्ही ह्यांना सोडून त्या मुलीच्याच तोंडून ऐकल्या. ओळखीची गोष्ट आणि पुढे काय होणार ते माहीत नाही, असा योग मला साठीत पहिल्यांदाच आला.

दुपारी वट फो देवळात ४६ मीटर लांबीचा आडवा बुद्ध बघितला. तळपायांवर शिंपल्यांच्या जडावाची १०८ शुभचिन्हं आहेत, ती बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. लोक नाण्यांची वाटी विकत घेतात आणि भिंतीलगतच्या १०८ पात्रांत एकेक नाणं टाकत जातात, त्याचा किणकिणाट सतत चालू असतो. आवारातच मालिशची प्रसिद्ध शाळा आहे. व्याही सहा फूट दोन इंच, मालिश करणारी बाई माझ्या खांद्याला लागेल एवढी. तिनं त्यांना असं काही दुमडलं की पडद्यापलीकडून जर्मनमध्ये काय काय ऐकू आलं. जावई अर्थ सांगेना.

समोरच्या धक्क्यावरून पाच बाटमध्ये नाव नदीपलीकडे वट अरुणला सोडते. चिनी मातीच्या भांड्यांच्या तुकड्यांनी मढवलेला तो मनोरा जवळून बघावा. फुटक्या बशीचं फूल कसं केलंय ते लांबून कळत नाही.

रात्री आंबा आणि चिकट भात. एप्रिल-मे हा त्यांच्याही आंब्याचा मोसम. नामदोकमाय जातीचा लांबट पिवळा आंबा, नारळाच्या दुधातला गोड-खारट भात, वरून कुरकुरीत मुगाची डाळ. हापूस तो हापूस, हे मी कुठल्याही कोर्टात सांगेन. पण भाताबरोबर खायला हापूस नको, हाच हवा.

११ एप्रिल, मेक्लोंग आणि अम्फावा

रुळांवर भरणारा मेक्लोंगचा बाजार सगळ्यांनी व्हिडिओत बघितलेला असतो. गाडी आली की ताडपत्र्या आत ओढतात, टोपल्या सरकवतात, गाडी नाकासमोरून जाते आणि बाजार पुन्हा पसरतो. बघायला मजा येते, पण त्या दहा मिनिटांत सगळ्यांचे मोबाइल हवेत आणि कोपर तुमच्या बरगडीत. गाडीच्या वेळा आदल्या दिवशी बघून ठेवा.

माझी ओढ वेगळीच होती. गाडी गेल्यावर पर्यटक पांगले आणि मी मासळीच्या रांगेत शिरले. बांबूच्या छोट्या गोल टोपल्यांत वाफवलेले बांगडे, माना मोडून नीट बसवलेले. प्ला थू म्हणतात त्यांना. आपल्या बांगड्याचाच आखूड भाऊ, आणि मेक्लोंगचा सगळ्यात चांगला अशी ख्याती. माना का मोडतात? टोपलीत मावावेत म्हणून, दुसरं काही नाही. पलीकडे वाळवलेल्या कोळंबीच्या राशी, सोड्यांचा तो वास, आणि कपीचे ढीग. बारीक जवळा मीठ घालून आंबवून, वाटून केलेला जांभळट गोळा म्हणजे कपी.

विकणारी बाई माझ्याच वयाची. तिला इंग्रजी येत नव्हतं, मला थाई. मी ताज्या माशाचा कल्ला उचलून लाल आहे का ते बघितलं आणि तिनं एकदम हसून खालच्या बर्फातला वेगळा मासा काढून दाखवला. वरचे पर्यटकांना, खालचे जाणकारांना. हा व्यवहार जगभर सारखाच असावा. पुढची पंधरा मिनिटं आम्ही दोघी बोटांनी, भुवयांनी बोलत होतो. मी कालवं कशी फोडतात ते दाखवलं, तिनं कपी कशी परतायची ते. शेवटी तिनं माझ्या तळहातावर चाखायला कपी ठेवली. विहीणबाई नाकाला रुमाल लावून लांब उभ्या होत्या, पण फोटो सगळे त्यांनीच काढले आणि चांगले काढले.

कपी घरी आणायची असेल तर चेक-इनच्या बॅगेतच ठेवा, हँडबॅगेतली काढून घेतात. डबा तीन पिशव्यांत गुंडाळा, तरी वास येतोच.

दुपारी शेजारच्या अम्फावाला गेलो. तिथला तरंगता बाजार शुक्रवार ते रविवारच भरतो. कालव्याच्या पायऱ्यांवर बसायचं, होडीतली बाई शेगडीवर भाजून वर देते. मुख्य जेवणाला आम्ही प्ला कपोंग मागवला. पत्र्याच्या माशाच्या आकाराच्या ताटलीत, खाली जाळ, वर लिंबाचा रस, लसूण आणि मिरच्यांचा आंबट-तिखट रस्सा. पहिल्या घासाला ह्यांनी माझ्याकडे बघितलं, मी ह्यांच्याकडे. जिताडा! आमच्या रायगडातल्या खाडीचा, पाहुण्यासाठी राखून ठेवायचा जिताडा, तोच हा मासा. ना खोबरं, ना कोकम, ना हळद, नुसता वाफवलेला. मी आयुष्यभर त्याला मसाल्यात बुडवत आले. आता निम्म्या वेळा तरी असाच करीन.

विहीणबाईंसाठी काय करायचं ते तोवर लेकीनं शोधून काढलं होतं. शाकाहारी म्हटलं तरी थायलंडमध्ये भाजीत माशाचं पाणी, म्हणजे फिश सॉस, पडतंच. तेव्हा पिवळ्या पाटीवर लाल अक्षरं लिहिलेली दुकानं शोधायची. त्याला ‘जे’ म्हणतात. मांस, मासे, अंडी, दूध तर नाहीच, वर कांदा-लसूणही नाही. घरी चातुर्मास पाळणाऱ्यांना हा मोठा आधार आहे. नेहमीच्या दुकानात ‘मै साय नाम प्ला’, म्हणजे माशाचं पाणी घालू नका, एवढं सांगितलं तरी पुष्कळ काम होतं. कच्च्या पपईचं सोमताम मागवताना मिरच्या बोटांनी दाखवा. एक म्हणजे एकच.

१२ एप्रिल, अयुथया

सकाळच्या गाडीनं अयुथया. बॅगा स्टेशनात ठेवल्या, टुकटुक दिवसभरासाठी ठरवली. १३५१ मध्ये वसलेली आणि चारशेहून जास्त वर्षं राजधानी राहिलेली ही नगरी १७६७ मध्ये ब्रह्मदेशच्या सैन्यानं जाळली. त्या वर्षी पुण्यात थोरले माधवराव पेशवे होते, हे अर्थातच ह्यांनी सांगितलं. बिनडोक्याच्या बुद्धमूर्ती ओळीनं बसलेल्या बघून कोणी फार बोललं नाही.

वट महाथाटमध्ये झाडाच्या मुळांनी कवटाळलेलं बुद्धाचं मस्तक आहे. फोटो काढायचा तर खाली बसायचं, आपलं डोकं त्याच्यापेक्षा उंच असता कामा नये. रखवालदार शिट्टी मारतो.

इथे तिकिटांवरून व्याह्यांनी प्रश्न काढला: परदेशी माणसाला जास्त पैसे का? ताजमहालापाशी आम्ही याच प्रश्नाला वर्षानुवर्षं ठासून उत्तर देत आलोय. परदेशी रांगेत उभं राहून ते उत्तर देताना तेवढा जोर आला नाही, इतकंच.

अयुथयाचा खाऊ म्हणजे रोटी साय माय. पातळ हिरवट पोळी, तिच्यात साखरेच्या रंगीत तारा गुंडाळायच्या. गावातल्या मुसलमान कुटुंबांची ही खासियत. पिशवीत पोळ्या वेगळ्या, तारा वेगळ्या देतात, त्यामुळे रात्रीच्या गाडीत खायला बरी. चियांग मायची ती गाडी तिथूनच पकडली. सोंगक्रानला सगळा देश गावी निघतो, तिकिटं कित्येक आठवडे आधी काढावी लागतात. खालची बर्थ वरच्यापेक्षा रुंद असते, ती मागा. परिचारक येऊन गादी-चादर घालून देतो.

१३ आणि १४ एप्रिल, चियांग माय

स्टेशनातून गेस्टहाऊसपर्यंत आम्ही कोरडे पोचलो नाही. सूर्य मेषेत जातो तेव्हाचं हे थाई नववर्ष, २०२३ मध्ये युनेस्कोनं वारसा म्हणून नोंदवलेलं. जुन्या शहराभोवती चौकोनी खंदक आहे आणि तीन दिवस अख्खं गाव त्यातलं पाणी एकमेकांवर ओतत असतं. ट्रकमध्ये पिंपं, पिंपांत बर्फाच्या लाद्या. बर्फाचं पाणी पाठीवर पडलं की वय, पद, नातं सगळं विसरायला होतं. विहीणबाईंनी पिचकारी घेतली आणि त्यांचा पहिला नेम व्याहीबुवांवर, म्हणजे ह्यांच्यावर लागला. रंगपंचमीला गॅलरीतून बघणारा हा माणूस, त्यानं सरळ बादली उचलली.

फोनसाठी प्लॅस्टिकची पिशवी पन्नासेक बाटला मिळते, ती पहिल्या तासातच घ्या. डोळ्यांना चष्मा हवा. स्कूटर भाड्यानं घेऊ नका, या दिवसांत तिकडे रस्त्यांवर अपघात फार होतात. भिक्खूंवर आणि तान्ह्या मुलांवर पाणी टाकत नाहीत.

पण माझ्या लक्षात राहिलं ते दुसरंच. १३ एप्रिल हा तिथे ज्येष्ठांचा दिवसही असतो. गेस्टहाऊसच्या मालकीणबाईंनी सकाळी अंगणात खुर्च्या मांडल्या. त्यांच्या आईला बसवलं, आणि मग आम्हा चौघांनाही बोलावून ओळीनं बसवलं. घरातली मुलं, सुना, शेवटी आमची लेक आणि जावई, एकेकानं गुडघे टेकून चांदीच्या वाटीतलं सुगंधी पाणी आमच्या ओंजळीवर सोडलं. आम्ही आशीर्वाद द्यायचे, आपापल्या भाषेत. मी ‘सुखी राहा’ म्हटलं. विहीणबाई जावयाशी, म्हणजे स्वतःच्या मुलाशी, बराच वेळ हळू आवाजात काही बोलल्या. जर्मनीत आईबापांसमोर कोणी गुडघे टेकत नाही, असं लेकीनं मला नंतर सांगितलं.

वाटीत जाईच्या फुलांबरोबर भाजलेल्या तपकिरी शेंगा तरंगत होत्या. मी एक उचलून नाकाशी नेली. शिकेकाई! तिकडे तिला सोम पोय म्हणतात. नदीकाठच्या बाजारात तिच्या जुड्या विकायला होत्या, पूजेच्या सामानात. आपण केस धुवायला घेतो, ते त्या पाण्यानं सरलेलं वर्ष धुऊन टाकतात. मालकीणबाईंना मी केसांना लावायची खूण केली. त्यांनी मान डोलावली, त्यांची आजीही लावायची.

दुपारी वट फ्रा सिंगमधली बुद्धमूर्ती रथातून मिरवत आली. लोक तिच्यावर सुगंधी पाणी शिंपडत होते. दुसऱ्या दिवशी देवळांच्या आवारात वाळूचे स्तूप आणि त्यांवर कागदी पताका. वर्षभर येता-जाता देवळाची माती पायांना लागून बाहेर जाते, तिची ही परतफेड. व्याही हत्तीछाप पायजमा वर खोचून चार बादल्या वाळू घेऊन आले.

वट चेदी लुआंगच्या आवारात नगरस्तंभाचं देऊळ आहे, दारावर पाटी: स्त्रियांना प्रवेश नाही. विहीणबाई संतापल्या आणि माझ्याकडे बघू लागल्या, जणू मी त्या पाटीची कोणी लागते. शनिशिंगणापूरचा चौथरा आमच्याकडे २०१६ मध्ये उघडला, एवढंच मी सांगू शकले. पुरुष आत गेले, आम्ही दोघी बाहेर नारळपाणी प्यायलो. ते बाहेर आल्यावर देऊळ कसं होतं हे मी विचारलं नाही.

१५ एप्रिल, दोई सुथेप

लाल शेअर गाडीनं डोंगरावर. नागांच्या कठड्यांमधून तीनशेच्या वर पायऱ्या. गुडघ्यांसाठी रुळांवरून वर चढणारी गाडीही आहे. वर सोन्याचा स्तूप उन्हात झगझगत होता. कठड्यापाशी गेलो, तर खाली शहरच नाही. नुसता राखाडी धूर. फेब्रुवारी ते एप्रिल उत्तरेत शेतं जाळतात, जंगलांत वणवे लागतात, आणि धूर या खोऱ्यात साचतो. दम्याचा त्रास असलेल्यांनी हे महिने टाळावेत. डोंगर बघायचे तर नोव्हेंबर-डिसेंबरला या, सोंगक्रान हवा तर धुराची तयारी ठेवा. दोन्ही एकत्र मिळत नाही.

खाली आल्यावर खाओ सोयसाठी वणवण. सणामुळे निम्मी दुकानं बंद. शेवटी एका बोळात एक उघडं मिळालं. नारळाच्या दुधाचा पिवळा रस्सा, त्यात मऊ नूडल्स, वर तळलेल्या कुरकुरीत नूडल्स, बाजूला आंबवलेली मोहरीची भाजी, कच्चे छोटे कांदे, लिंबू. युनानहून आलेल्या मुसलमान व्यापाऱ्यांनी हा पदार्थ इकडे आणला असं मानतात. आम्हाला कोंबडीचा, विहीणबाईंना टोफूचा. त्यांनी ‘मै साय नाम प्ला’ स्वतः म्हटलं, इतकं स्वच्छ की दुकानदारानं पुढचं सगळं थाईतच विचारायला सुरुवात केली. मग काय, मेनूकार्डावर बोटं ठेवत दोघांचं बराच वेळ चाललं होतं, आणि आमच्या टेबलावर कोणीच न मागवलेल्या दोन भाज्या आल्या. दोन्ही चांगल्या होत्या.